खालच्या थरातला कानडी पेपर

पेटीवर निळ्या शाईत ‘देवगड हापूस’ असा ठसा होता. आत गवत, गवतात आंबे, आणि आंब्यांच्या मधून डोकावणारं मराठी पेपरचं पान. विकणाऱ्याने वरची फळी उचकटली, एक आंबा माझ्या हातात दिला, देठापाशी वास घ्यायला लावला आणि म्हणाला, “काका, घरची बाग आहे. अडत्याकडे घातला तर हातात काय उरतं? म्हणून इथं उभा राहिलो.” मार्केट यार्डाच्या फाटकाबाहेर त्याचा टेम्पो उभा होता. मे महिन्यातला रविवार, म्हणजे आवकेचा मोठा दिवस. आत फळबाजारात शिरून हातगाड्यांचे धक्के खायचा मला कंटाळा आला होता. मी घासाघीस केली, त्याने कुरकुरत दोनशे रुपये सोडले, आणि आपणच त्या पोराला जरा जास्त दाबलं की काय, अशी रुखरुख घेऊन मी चार डझनांची पेटी घरी आणली.

आठवड्याने वरचा थर संपला. खालचे आंबे काढले, तर बुडाला अंथरलेला पेपर कानडी होता.

आंबे वाईट नव्हते, हे आधीच सांगतो. गोड होते. फक्त ते देवगडचे नव्हते, आणि मी पैसे देवगडचे मोजले होते.

त्या संध्याकाळी मला हॅरी फेबियन आठवला. ‘नाइट अँड द सिटी’ हा लंडनमध्ये घडणारा आणि लंडनमध्येच चित्रित झालेला गुन्हेपट १९५० सालचा. दिग्दर्शक ज्यूल्स डासिन. हॉलिवूडमध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांना कामं नाकारली जात होती, त्या काळात स्टुडिओने त्याला या सिनेमासाठी लंडनला धाडलं. रिचर्ड विडमार्कने रंगवलेला हॅरी हा भुरटा ठग आहे. एका नाइट क्लबसाठी गिऱ्हाइकं गाठून आणणं हा त्याचा धंदा, आणि आपण कधीतरी मोठे होणार हा त्याचा आजार. एके दिवशी त्याच्या कानावर एक बापलेकांचं भांडण पडतं. बाप जुन्या, शुद्ध कुस्तीचा नामांकित पैलवान ग्रेगोरियस. मुलगा लंडनमधल्या तमाशाछाप कुस्तीच्या धंद्याचा मालक. हॅरी म्हाताऱ्याच्या पायाशी बसतो, शुद्ध कुस्तीची थोरवी गातो, आणि त्याच्या नावावर स्वतःचा आखाडा उघडायला निघतो. म्हातारा बरोबर आहे तोवर मुलगा हॅरीच्या केसालाही धक्का लावू शकत नाही.

इथे थोडं वळण घेतो, कारण कुस्तीच्या मुलखात राहून ते न घेणं जमणार नाही. ग्रेगोरियसचं काम करणारा म्हातारा खराखुरा पैलवान होता: पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को. आपल्या गामा पैलवानाशी लंडनमध्ये १९१० साली त्याची कुस्ती झाली होती. दोन तासांहून अधिक वेळ तो जमिनीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ साली पतियाळ्यात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत लोळवलं. पडद्यावर हॅरी ज्या म्हाताऱ्याच्या नावाचं भांडवल करतो, त्याचं नाव पडद्याबाहेरही असं कमावलेलं होतं.

आणि भुरट्या ठगाची सगळी गोम इथेच आहे. हॅरीकडे स्वतःचं काही नाही. पैसा नाही, पत नाही, कुस्ती तर अजिबात येत नाही. तो दुसऱ्याने आयुष्यभर कमावलेलं नाव चार दिवस वापरायला घेतो. माझ्या टेम्पोवाल्यानेही तेच केलं. देवगडच्या कातळावर तीन-चार पिढ्यांनी जे नाव कमावलं, ते त्याने एका ठशाने आणि पेपरच्या एका पानाने माझ्यापुरतं उसनं घेतलं.

इंग्रजीत अशा माणसाला ‘कॉनमन’ म्हणतात. त्यातल्या ‘कॉन’चा मूळ अर्थ विश्वास असा आहे. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाचा एक सभ्य दिसणारा माणूस पकडला गेला. तो रस्त्यात अनोळखी लोकांशी गप्पा मारी आणि मग विचारी, तुमचं घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का तुमचा माझ्यावर? लोक खरोखर घड्याळ काढून देत. पेपरांनी त्याला ‘विश्वासवाला’ ठरवलं आणि तो शब्द रूढ झाला. आपल्याकडे या कलेला शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. टोपी घालणं, शेंडी लावणं, गंडा घालणं, चुना लावणं, हातावर तुरी देणं. प्रत्येकाची छटा वेगळी. कायद्यातलं कलम तर आपण विशेषण म्हणून वापरलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं ४२० कलम ३१८(४) झालं, पण ‘अगदी तीनशे अठरा माणूस आहे’ असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

डेव्हिड मॉरर नावाचे एक अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ होते. ठगांची बोली गोळा करता करता ते त्यांच्या धंद्यातच शिरले आणि १९४० साली त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. त्यात ते छोटा डाव आणि मोठा डाव असे दोन भाग करतात. छोट्या डावात सावजाच्या खिशात त्या क्षणी जेवढं असेल तेवढंच काढायचं. मोठ्या डावात त्याला घरी पाठवून, बँकेतून आणखी आणायला लावायचं. हॅरी फेबियनची शोकांतिका ही की तो छोट्या डावाचा माणूस असून मोठा डाव मांडायला गेला. टेम्पोवाला शहाणा. त्याने माझ्या खिशावर समाधान मानलं.

भाषाशास्त्रज्ञाला ठगांच्या बोलीत रस वाटला याचं मराठी माणसाला नवल वाटू नये. आपल्या बाजाराचीही एक गुप्त बोली होती. व्यापाऱ्यांची नंदभाषा. तिच्यात तीन म्हणजे उधानू, चार म्हणजे पोकू, पाच म्हणजे मुळू, दहा म्हणजे अंगुळू. समोर शेतकरी उभा असताना दोन व्यापारी आपसात भाव बोलत आणि त्याला कळत काहीच नसे. ही भाषा इतकी जुनी की नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांनी तिच्यातल्या आकड्यांवर अभंग रचला. त्याहून चतुर होती ती करपल्लवी, बोटांची भाषा. अडत्या आणि खरेदीदार एका रुमालाखाली हात घालत. बोटं दाबून भाव सांगितला जाई, बोटं दाबूनच तो वाढे नाहीतर तुटे. माल ज्याचा तो शेजारी उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघत राही. आपल्या मालाला काय भाव मिळाला हे त्याला हिशेबाची पट्टी हातात पडल्यावर समजे.

१९२८ साली ब्रिटिश सरकारच्या शेती आयोगाने आपल्या अहवालात बाजारांतल्या गैरप्रकारांमध्ये या रुमालाखालच्या सौद्याचीही नोंद केली आणि बाजारांवर नियमन हवं असं सुचवलं. वऱ्हाडात कापसाच्या बाजारांसाठी १८९७ पासूनच कायदा होता. मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजारांचा कायदा १९३९ साली आला आणि महाराष्ट्राचा आजचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. पुण्यात भवानी पेठ-नाना पेठेत दाटलेला भुसार बाजार पुढे गुलटेकडीला आला, मंडईतली घाऊक फळं-भाजीही आली, आणि आपण आज ज्याला नुसतं ‘मार्केट यार्ड’ म्हणतो ते उभं राहिलं.

त्या यार्डाकडे एकदा या नजरेने बघा. इथली प्रत्येक रीत कुठल्यातरी जुन्या लबाडीला घातलेला बांध आहे. उघड लिलाव रुमालाला उत्तर म्हणून आला. वजनासाठी परवानाधारक तोलणार ठेवला, कारण माल घेणाऱ्यानेच माल तोलला तर काटा कुणाच्या बाजूने झुकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पट्टीवर अडत, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहायची, कारण पूर्वी ‘खर्च’ या एका शब्दात धर्मादायापासून चहापाण्यापर्यंत काहीही कापलं जाई. २०१६ साली फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. बांध घातला की पाणी दुसरीकडून वाट काढतं, तसं इथेही होत असतं. एका परवान्याच्या गाळ्यावर भलताच माणूस माल विकताना दिसतो, त्याला यार्डात ‘डमी’ म्हणतात. पण बांध नसते तर काय झालं असतं, ते जुन्या अहवालांत वाचायला मिळतं.

मापातल्या पापाने तर आपली भाषाच भरून टाकली आहे. आज पोरगं शाळेला दांडी मारतं; पण तराजूची दांडी करंगळीने हळूच दाबून कमी माल देणं, हाही त्या शब्दाचा एक जुना अर्थ. दोन पारडी समतोल नसली की हलक्या बाजूला बांधायचा दगड किंवा खिळा म्हणजे पासंग. खरं तर तो तराजू खरा करण्यासाठी. पण कुठल्या बाजूला किती बांधायचा हे दुकानदाराच्या हातात. म्हणून तर एखादा माणूस दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही. कौटिल्याने मापांवर देखरेख ठेवायला स्वतंत्र अधिकारी नेमायला सांगितला आहे, त्याला पौतवाध्यक्ष म्हणत. आपल्याकडे आता वैधमापनशास्त्र विभाग आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याला दांडी नसते आणि पासंगही नसतो, म्हणून तोलणाराची तोलाई कशाला द्यायची, यावर यार्डात वर्षानुवर्षं वाद झाले. हमाल-तोलणारांच्या संघटनांचं म्हणणं असं की काटा बदलला तरी काट्याजवळ शेतकऱ्याच्या वतीने उभं राहणारं माणूस लागतंच. माझा कौल त्यांच्या बाजूने आहे.

पण आंब्याला ना काटा पकडू शकतो ना लिलाव. कारण वजनात खोट नसते, डझनात नसते. खोट असते ती गावाच्या नावात.

हापूसच्या बाबतीत ही खोट पकडणं इतकं अवघड का, ते समजून घेण्यासारखं आहे. कर्नाटकातून येतो तोही हापूसच. धारवाड, हावेरी, तुमकूर भागात हीच जात लावलेली आहे, कलमंही त्याच वंशाची. फरक पडतो तो जमिनीने आणि हवेने. कोकणात जांभ्या दगडाची निचऱ्याची जमीन, समुद्राचा खारा वारा, आणि फळ भरताना तापणारे कातळ. तयार झाल्यावर कोकणच्या फळाची साल पातळ, गर केशरी, आणि वास असा की पेटी माळ्यावर ठेवली तरी पाहुण्याला कळावं. कर्नाटकच्या फळाची साल जाड, गर पिवळसर, वास बेताचा. पण हे सगळं आंबा पिकल्यावर. पेटी विकली जाते तेव्हा आंबा हिरवा असतो. हापूस झाडावरून उतरवल्यावर पिकतो, त्याला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे मी पैसे आज देतो आणि काय घेतलं ते मला पुढच्या आठवड्यात कळतं. टेम्पोवाल्याला हेच आठ दिवस पुरतात.

त्यात भर म्हणजे साका. हापूस वरून निर्दोष दिसतो, कापल्यावर आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा भाग निघतो, तो साका. बाहेरून तो कुणालाच दिसत नाही, बागायतदारालासुद्धा नाही. अस्सल देवगडातही साका निघतो. त्यामुळे तक्रार घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला ऐकवायला एक खरं कारण विक्रेत्याकडे कायम तयार असतं.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५२ साली फसलेल्याची समजूत काढण्यावर एक छान निबंध लिहिला. त्यांचं निरीक्षण असं की ठगांच्या टोळीत एकाचं काम फसवणूक झाल्यानंतर सुरू होतं. सावज आरडाओरडा करून पोलिसांत जाऊ नये म्हणून तो त्याची समजूत काढतो, त्याला आपली फजिती पचवायला मदत करतो. आंब्यात या माणसाची गरजच पडत नाही. “यंदा पावसाने घोळ केला हो”, “थंडीच पडली नाही”, “हापूस आहे, चार फळं अशी निघणारच.” आणि बहुतेक वेळा ही वाक्यं आपण स्वतःच स्वतःला सांगतो. पाहुण्यांसमोर आमरसाची वाटी ठेवून ‘आपण फसलो’ असं कोण कबूल करील? मी तो कानडी पेपर घडी करून रद्दीत टाकला आणि चार दिवस घरात कुणाला सांगितलं नाही.

हे सगळं एका गिऱ्हाइकाच्या दोन-पाचशे रुपयांवर थांबलं असतं तर त्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक शोधनिबंध लिहिला, पुढे २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागे तोच होता. मोटार चांगली की खटारा हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा काय करतो? सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे खटारेच उरतात. मोटारीच्या जागी पेटी ठेवा. ‘सगळेच देवगड म्हणून विकतात’ असं म्हणून आपण अस्सल देवगडलाही हात आखडता घेतो. ज्याने थ्रिप्सवर फवारण्या केल्या, राखणीला माणूस ठेवला, आडव्या फांद्यांवर चढून झेल्याने एकेक फळ उतरवलं, त्याचा भाव त्या टेम्पोने पाडलेला असतो.

नुकसान आणखी एकाचं होतं, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. धारवाडकडच्या ज्या शेतकऱ्याने ते आंबे पिकवले, त्याचं फळ चांगलं होतं. मी आवडीने खाल्लं. पण ते दुसऱ्याच्या नावाने विकलं गेलं, त्यामुळे पुढच्या वर्षी मी ते त्याच्या नावाने मागण्याची सोयच राहिली नाही. वरच्या भावातला फरक मधल्यामध्ये गेला.

उपाय चालू आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं. मग पेट्यांवर क्यूआर कोड आले. पण छापलेल्या कोडची नक्कल छापायला किती वेळ लागतो? नकली पेटीवरचा कोडही मोबाइलवर अस्सल बागायतदाराचंच पान उघडून दाखवतो. हॅरी फेबियनला हे फार आवडलं असतं. म्हणून देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात पेटीऐवजी फळ धरलं. प्रत्येक आंब्यावर वेगळ्या क्रमांकाचं, काढलं तर फाटणारं स्टिकर, आणि बागायतदाराला स्टिकरं मिळणार ती त्याच्या झाडांच्या हिशेबानेच. म्हणजे पेटी कुठलीही असो, बाग जेवढं पिकवते त्याहून जास्त ‘देवगड’ बाजारात निघू नये. कल्पना चोख आहे. उसनं घेतलेलं नाव ओळखायचं तर नावं मोजून द्यायची. मात्र स्टिकर तपासायची तसदी घेणारं गिऱ्हाईकही लागतं, आणि रविवारच्या गर्दीत ते फार दिसत नाही.

यार्डातले सगळे गाळेवाले लबाड आहेत असा याचा अर्थ कुणी काढू नये. गाळ्याला क्रमांक असतो, परवाना असतो, उद्याही तो तिथेच असतो. त्याला पुढच्या रविवारी तुमचं तोंड बघायचं असतं. टेम्पोला ती अडचण नाही. कर्नाटकचा आंबा ‘कर्नाटक’ म्हणून, त्याच्या कमी भावात, यार्डात उघडपणे मिळतो, आणि बाजारभावाच्या बातम्यांतही त्याची वेगळी ओळ असते.

सिनेमाच्या शेवटी हॅरीच्या डोक्यावर हजार पौंडांचं इनाम लागतं. पळायला जागा उरत नाही, तेव्हा तो आपल्या प्रेयसीनेच आपल्याला पकडून दिलं असा कांगावा करतो, का तर ते इनाम निदान तिला मिळावं. मरतानाही एक थाप. त्याचं प्रेत थेम्समध्ये जातं. माझा टेम्पोवाला बहुधा पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या फाटकावर उभा राहिला असेल.

यंदा मी आत गेलो, गाळ्यावर ‘कर्नाटक’ म्हणूनच पेटी मागितली आणि पावतीवर तसं लिहून घेतलं. तुम्ही देवगड घ्या नाहीतर धारवाड, पण विकणारा वरचा थर दाखवील तेव्हा त्याला खालचा उघडायला सांगा. का कू करू लागला, तर शेजारचा गाळा उघडाच असतो.